शंभरात चार

मंगळवार, ९ तारीख

खारू,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण अक्षर ठणठणीत आहे, म्हणजे तब्येत बरी असणार. बेकरीत तुला आता भट्टीवर घेतलं हे वाचून बरं वाटलं. हात सांभाळ. भाजलं तर भलतंसलतं चोपडू नकोस, सरळ नळाखाली धर. चार वर्षं डॉक्टरकी शिकलेल्या मुलीला मी हे सांगतोय, पण बाप आहे, गप्प कसा बसेन?

तू मागवलेली कॉलेजची प्रमाणपत्रं सापडली. कपाटाच्या वरच्या खणात, माझ्या जुन्या स्वेटरच्या घडीत होती. ती वेगळी पाठवतो.

प्रयोगशाळेत काम चालू आहे. नवीन मायक्रोस्कोप आलाय. त्याचा दिवा इतका पांढरा आहे की काचपट्टीवरच्या पेशी लाजून अंग चोरतात की काय असं वाटतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "मोजणीकाका, दिवा बदलला, आता चष्मा बदला." तीस वर्षं रक्तातल्या पेशी मोजून मला हेच नाव पडलंय. तुला हसू येईल.

आईची पाठ जरा धरली आहे. झोपली आहे.

हे पत्र बाकावर बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं. समोरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. मी तीनदा ताडून पाहिलं. आज काही खायला नको म्हणालो तर आपल्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई रागावल्या, म्हणून पाव खाल्ला. तुझ्या हातचा कसा असतो कोण जाणे.

बाकी विशेष नाही. पोस्टाची वेळ होत आली.

तुझा,
बाबा


बुधवार, १० तारीख

खारू,

काल पोस्टात टाकलेलं पत्र विश्वास ठेवण्याच्या लायकीचं नाही. मायक्रोस्कोप खरा, प्रमाणपत्रं खरी, पाव तर अगदीच खरा. आईची पाठ तेवढी खोटी.

सोमवारी दुपारी आई दोरीवरचे कपडे काढत होती. एकदम दोन खांद्यांच्या मधोमध कुणीतरी टरकन फाडल्यासारखं झालं म्हणाली. हेच शब्द. शिंपीणबाई वरच्या गॅलरीत होत्या. त्यांनी तिला खाली बसताना बघितलं, आणि ती नको नको म्हणत असताना टॅक्सीत घालून आमच्याच हॉस्पिटलात आणलं. महाधमनी फाटली होती. आतला थर सुटून रक्त भिंतीतच घुसलं होतं, थेट हृदयाच्या तोंडापर्यंत. पुढचं तुला सांगायला नको. चार वाजता ऑपरेशनला घेतलं, सहा तास चाललं. फाटलेला तुकडा काढून तिथे कृत्रिम धमनी शिवली आहे. आई अजून शुद्धीवर नाही. श्वास यंत्र घेतंय.

आत नेताना स्ट्रेचरवर तिने माझा हात धरला. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. तर म्हणाली, "खारूला कळवायचं नाही. माझी शपथ आहे."

मी म्हटलं, "अगं, असं कसं?"

"ती आली की तुम्ही रडाल. आणि रडलात की बोलाल. तुम्हाला मी ओळखते."

मग दार लागलं. काय बोलेन, ते या पत्रात लिहायचं धैर्य नाही.

तर मी हे लिहितोय आणि पाठवत नाहीये. शपथ मोडवत नाही आणि तुला सांगितल्याशिवाय राहवतही नाही, म्हणून कागद एप्रनच्या खिशात घालून ठेवणार आहे. फोन करायचा म्हटलं तर तुझा नंबर तू मला दिलेला नाहीस. पाच वर्षं आईशी बोलत नाहीस, नंबर तिच्या हाती लागला तर ती करील, ही तुझी भीती. भीती रास्त आहे. तिने केलाच असता.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी अजून शिंपीणबाईंनाही सांगितलेली नाही.

आमच्या सर्जनबाई तीन वर्षं एक अभ्यास करतायत. महाधमनी फाटून तातडीच्या ऑपरेशनला आलेल्या प्रत्येक पेशंटचं, चाकू लावायच्या आधीचं रक्त माझ्याकडे येतं. यंत्र मोजतंच, पण बाईंचा यंत्रावर तेवढा भरवसा नाही, म्हणून शंभर पांढऱ्या पेशी मी डोळ्यांनी मोजायच्या. शरीरावर घाला पडला की न्यूट्रोफिल धावून येतात आणि लिम्फोसाइट ओसरतात, हे तू शिकलीच आहेस. एकाला दुसऱ्याने भागायचं. येणारा आकडा जितका मोठा, तितकं त्या माणसाचं घरी जाणं अवघड, असं बाईंना वाटतं आणि वही पण तसंच म्हणते. नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. नाव, वय कळलं तर मोजणाऱ्याचा हात वळतो म्हणे.

सोमवारी तीन वाजता एकशे सत्तावन्न नंबरची नळी आली. मी काचपट्टी केली, रंगवली, मोजायला बसलो. न्यूट्रोफिल एक्क्याण्णव. लिम्फोसाइट चार. उरलेल्या पाच इतर. आकडा तेवीसच्या आसपास. आमच्या वहीत बारावर गेलं की सर्वांत वाईट गट.

आणि मग मी नेहमीचा चाळा केला. हा चाळा बाईंनाही माहीत नाही. आकड्यापुढे पेन्सिलीने बारीक खूण करतो. घरी जाईल असं वाटलं तर ठिपका, नाही वाटलं तर फुली. महिन्याभराने निकाल लिहायला बाई वही मागतात, त्याआधी खोडून टाकतो. माझं बऱ्याचदा बरोबर निघतं आणि मला त्याची मनातल्या मनात ऐट आहे. एकशे सत्तावन्नपुढे मी फुली मारली. शेजारच्या बाईंना म्हणालोही, "हा बिचारा काही उठत नाही."

दहा मिनिटांनी शिंपीणबाई धापा टाकत दारात उभ्या.

खारू, मी तिच्या पेशी मोजल्या. एक-एक करून शंभर. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे एवढं निरखून कधी पाहिलं नसेल, आणि पाहिलं तेव्हा ओळखलं नाही.

बाबा


शुक्रवार, १२ तारीख

खारू,

आई शुद्धीवर आली. काल घशातली नळी काढली. मला दहा मिनिटं आत सोडलं. आवाज बसलाय, पण पहिलं वाक्य पूर्ण बोलली. "दोरीवरचे कपडे काढले का कोणी?" मी म्हटलं, काढले. काढले नव्हते. संध्याकाळी जाऊन काढले.

तरी तिचा चेहरा मातीसारखा आहे आणि ताप आहे. रोज सकाळी साडेसहाला अतिदक्षता विभागाच्या नळ्या लाल ट्रेमधून आमच्या टेबलावर येतात. अभ्यासातल्या पेशंटच्या नळीवर पुढेही तोच क्रमांक असतो, आणि एकशे सत्तावन्नला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. शेजारच्या बाईंनी एकदा पुढे केलेला हात मागे घेतला. काल अठ्ठ्याऐंशी आणि सहा. आज सत्त्याऐंशी आणि सहा. आकडा उतरतोय पण तेवीसवरून साडेचौदा म्हणजे काही आनंदाने नाचण्यासारखं नाही.

आज सर्जनबाई जिन्यात भेटल्या. त्यांना धरून उभं केलं आणि विचारलं. या बाई वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मला त्यांच्यासमोर नेहमी शाळेतल्यासारखं वाटतं.

"बाई, वहीतल्या वरच्या गटाचं काय ते मला तोंडपाठ आहे. एक्केचाळीस जण. सतरा घरी गेले नाहीत."

"आणि चोवीस?" त्या म्हणाल्या.

"काय चोवीस?"

"गेले ना घरी. काका, एक तर तुम्ही ऑपरेशननंतरचे आकडे त्या वहीशी ताडू नका. वही ऑपरेशनच्या आधीच्या रक्ताची आहे. नंतर औषधं, दुसऱ्यांचं रक्त, सगळंच त्यात मिसळतं. दुसरं म्हणजे वही घोळक्याबद्दल सांगते. तुमची बायको त्यातली नेमकी कोण, हे तिला विचारून उपयोग नाही."

"मग कुणाला विचारू?"

बाई म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही. अजून तीन-चार दिवस जाऊ देत. जे काही सांगायचं-बोलायचं असेल ते मात्र ठेवू नका."

त्या गेल्या. मी जिन्यात उभा राहिलो. चोवीस जण घरी गेले हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते मी कधी मोजले नव्हते. आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना माणूस दिसत नाही, नळी दिसते. नळी यायची थांबली की तो बरा होऊन गेला की कायमचा गेला, टेबलावरून कळत नाही. म्हणून मी नेहमी वाईटच धरत आलो.

आता जे ठेवू नका म्हणाल्या, ते.

पाच वर्षांपूर्वी तू कॉलेज सोडलंस. रीतसर अर्ज देऊन, सही करून. तीन आठवड्यांनी कॉलेजात दुसरा अर्ज पोचला, की माझी मनःस्थिती ठिकाणावर नव्हती, आधीचा अर्ज रद्द समजावा, माझी जागा राखून ठेवावी. खाली तुझी सही. कॉलेजने तुला बोलावलं, डॉक्टरांपुढे बसवलं, तू वेडी आहेस की काय हे तपासलं. तू तो अर्जाचा कागद घेऊन घरी आलीस. मी मटार सोलत होतो, आई पोळपाट पुसत होती. तू तो कागद ओट्यावर टाकून विचारलंस, "हे कुणी केलं?"

आई म्हणाली, "मी."

तू तिच्याकडे बघत राहिलीस आणि त्याच संध्याकाळी गेलीस. मी स्टेशनवर तुझी बॅग उचलून आलो होतो. गाडी सुटताना तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी माझे आहात."

अर्ज मी लिहिला होता. प्रयोगशाळेत, मधल्या सुट्टीत. सहीही मी केली. तुझी सही मला येते, कारण पहिल्यांदा बँकेत खातं उघडताना ती तुला मीच शिकवली होती. शेपटी वर न्यायची, खाली नाही, म्हणून वहीची चार पानं भरवून घेतली होती. आईला त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. ती तर तुझ्या बाजूची होती. "नसेल पटत तर सोडू दे, तिचं आयुष्य आहे," असं तीच मला महिनाभर सांगत होती. पाववाली झालीस म्हणून ती हसली असेल, चिडली कधीच नाही. माझी मुलगी डॉक्टर होणार हे मी अख्ख्या हॉस्पिटलला सांगून ठेवलं होतं, हे खरं कारण. दुसरं कुठलंही मोठं कारण शोधून सापडलं नाही.

तू विचारलंस तेव्हा आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. बस. माझा चेहरा पडलेला होता, हातात मटाराची शेंग तशीच. आणि ती "मी" म्हणाली. तू गेल्यावर मी विचारलं, असं का केलंस? तर म्हणाली, "तुमच्यावर रुसली तर तुम्ही मोडून जाल. माझी कातडी जाड आहे. निदान एकाशी तरी तिचं नातं राहू दे." मी म्हटलं, मी उद्याच तिला लिहितो. ती म्हणाली, लिहाल. मग मी लिहिलं नाही. आधी एक आठवडा, मग एक महिना, मग तुझी कार्डं यायला लागली, "प्रिय बाबा" अशी सुरुवात असलेली, आणि ती मला इतकी गोड लागायची की मी मूग गिळून बसलो.

प्रत्येक कार्ड ती माझ्या हातून घेऊन वाचायची. "आई कशी आहे" असं कुठे आहे का, ते उलटसुलट करून बघायची. मग मला परत द्यायची.

ती वाचली तर सांगेन, असं मनाशी म्हणतोय. आणि नाही वाचली तर मग सांगून काय उपयोग, असंही म्हणतोय. बघ, किती सोयीचं आहे. दोन्हीकडून मी सुटतो.

हाही कागद खिशात.

बाबा


शनिवार, १३ तारीख, दुपार

खारू,

आजच्या इतका मूर्खपणा मी आयुष्यात केलेला नाही, आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाहीये.

साडेसहाला लाल ट्रे आला. नऊ नळ्या. मी एक-एक उचलून नंबर पाहिला. एकशे सत्तावन्न नव्हती. पुन्हा पाहिल्या. ट्रे उलटा करून पाहिला. शेजारच्या बाईंना विचारलं, "एक राहिली का वर?" त्या म्हणाल्या, "नाही काका, एवढ्याच दिल्या." आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. त्याही माझ्याच धंद्यातल्या. त्यांनाही तेच वाटलं.

काळजात धस्स झालं वगैरे म्हणतात, तसं काही झालं नाही. सगळं एकदम शांत झालं. मी रोजच्या नळ्यांची वही उघडली, आजच्या तारखेपुढे सवयीने आडवी रेघ ओढली. नळी नाही, म्हणजे रेघ. मग हात धुतले. एप्रनच्या खिशातून बुधवारचं आणि शुक्रवारचं पत्र काढलं, एका पाकिटात घातलं, तुझा पत्ता लिहिला. फाटकाशेजारचा कुरियरवाला तेव्हाच शटर वर करत होता. त्याला म्हटलं, लवकरात लवकर. तो म्हणाला, सोमवारी सकाळी पोचेल. पावती खिशात घातली. तिने मागितलेली एकच गोष्ट मी मोडली होती, आणि आता तिला कळायचंही नव्हतं, असं वाटून मी त्याच्या पायरीवर बसून रडलो. कुरियरवाल्याने पाणी दिलं.

मग वर गेलो. सह्या कराव्या लागतात, त्याशिवाय नेऊ देत नाहीत, एवढं मला माहीत आहे. अतिदक्षता विभागात तिची खाट रिकामी. एक मावशी गादी पुसत होत्या. सिस्टरला विचारलं, "कुठे ठेवलंय?"

"तिसऱ्या मजल्यावर. अहो, कुठे होतात तुम्ही? पहाटे ताप उतरला, सर्जनबाईंनी वॉर्डात हलवायला सांगितलं. त्या केव्हाच्या कंगवा मागतायत."

वॉर्डाच्या नळ्या दुपारच्या ट्रेमध्ये येतात आणि पलीकडच्या टेबलावर जातात. तीस वर्षं मी हे बघतोय. आज आठवलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर आई खिडकीजवळच्या खाटेवर, तीन उशांना टेकून, कप दोन्ही हातांनी धरून चहा पीत होती. मला पाहिलं आणि म्हणाली, "तोंड असं का झालंय? कोण गेलं?"

मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. नळी, रेघ, पाकीट, सगळं. ती ऐकत होती. आधी हसायला लागली, पण छातीवर टाके आहेत, हसता येईना, म्हणून उशी छातीशी धरून हसली. मग पाकिटाचं ऐकलं आणि हसू थांबलं.

"शपथ घातली होती मी."

"हो."

"मी मेले असं समजून तुम्ही शपथ मोडलीत."

"हो."

"जिवंत असते तर मोडली नसतीत."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी कप उचलून खाली ठेवला. मग तिकडेच बघत म्हणाली, "पत्ता तरी नीट लिहिलात ना? घर नंबर विसरता तुम्ही."

दुपारी पलीकडच्या टेबलावर जाऊन मी तिची नळी मागून घेतली. ऐंशी आणि बारा. बारा लिम्फोसाइट, खारू! मी त्या प्रत्येकीपाशी थांबलो.

सोमवारी तुला पाकीट मिळेल. त्यानंतर तुझं कार्ड येणार नाही हे मी धरून चाललोय. हे पत्र पोस्टाने पाठवतो, म्हणजे आई वाचली एवढं तरी तुला कळेल.

बाबा


सोमवार, १५ तारीख

खारू,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. तू खाली कँटीनमध्ये चहा आणायला गेली आहेस आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर आहे. लिफ्ट मंद आहे, रांग मोठी आहे, तेवढ्या वेळात लिहून होईल. तोंडाने सांगायचा प्रयत्न मघाशी केला. जमलं नाही.

तू सकाळी थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, पाकीट मिळालं, आणि तरीही आलीस. मी उठलो, खुर्ची पडली. तू येऊन माझ्या छातीवर डोकं ठेवलंस. पाच वर्षांनी. तुझ्या केसांना पिठाचा वास येतो. आणि म्हणालीस, "बाबा, काय झालंय आईला? पत्रात आईबद्दल एकच ओळ? तुम्ही? दर वेळी मी विचारलं नाही तरी दोन पानं लिहिता."

म्हणजे तुला मंगळवारचं पत्र मिळालं. शनिवारी. काल तू निघालीस. आणि पाकीट आज सकाळी तुझ्या बंद दाराच्या फटीतून आत पडलं असणार. तू ते वाचलेलं नाहीस.

मी ऑपरेशनचं सांगितलं, ती वाचली हे सांगितलं. तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "बरं झालं. मी तिला बघेन, पण माझ्याकडून फार अपेक्षा नका करू हं बाबा. मी तुमच्यासाठी आले आहे. तुम्ही किती वाळलात." आणि माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलंस.

मी तुला इथे बसवून आधी आत जाऊन आईला सांगितलं, खारू आली. तिचा हात एकदम केसांकडे गेला. मग तिने विचारलं, "वाचलं का तिने?"

मी म्हटलं, नाही. पाकीट तिकडे, ती इकडे.

ती उठून बसायला लागली. मी खांद्याखाली हात दिला. म्हणाली, "मग गप्प बसा. ऐका माझं. आली ना? दारापर्यंत आली ना? पुरे झालं. परत जाईल तेव्हा त्या पाकिटाचं बघू, काहीतरी सांगू. आज नको. आज तिला तुमच्यापासून तोडू नका."

तिने हे इतक्या आपुलकीने सांगितलं की मी हो म्हणून बाहेर आलो. बाहेर तू बसली होतीस. मला बघून सरकून जागा केलीस, म्हणालीस, "बसा. तुमच्यासाठी चहा आणते, तुम्ही काही खाल्लेलं दिसत नाही." मी बसलो. खोटं नाही सांगत, पाच मिनिटं मी फार सुखात होतो. असंच चालू ठेवता येईल, हे मला कळत होतं. तू आत जाशील, खाटेपासून दोन हात लांब उभी राहशील, बरी आहेस ना म्हणशील. ती बरी आहे म्हणेल. मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बसशील.

ती ते चालवून घेईल. तिला सवय आहे. बत्तीस वर्षांत मी तिचं न ऐकलेलं तिला आठवणार नाही. आज ऐकत नाही.

तो दुसरा अर्ज मी लिहिला. सही मी केली. आईने नाही. तिला माहीतही नव्हतं. तू विचारलंस तेव्हा ती माझ्याकडे बघून "मी" म्हणाली आणि मी तसंच चालू दिलं, पाच वर्षं. बाकीचं पाकिटात आहे, ते घरी गेल्यावर वाच किंवा वाचू नकोस. त्यात कारणं आहेत, ती काही फारशी चांगली नाहीत. तुझी माफी मागतो. मागण्यासाठी मागतोय, मिळण्यासाठी नाही.

तिला उठवताना हाताला धरून ओढू नकोस. पाठीमागून आधार दे, छातीचं हाड अजून जुळायचं आहे. खोकला आला तर उशी छातीशी धरायला दे. मोठ्याने बोलायला लावू नकोस. ती विचारील, भट्टीपाशी उकडतं का, हात भाजले का. तुझी सगळी कार्डं तिला पाठ आहेत, तेव्हा दचकू नकोस.

लिफ्टचं दार उघडलं. तू येते आहेस. दोन कप आणलेस, एक तुझा, एक माझा. हा कागद मी तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत जमिनीकडे बघत बसेन. वाचून झालं की माझ्याशी बोलू नकोस, आत्ता नको. डाव्या हाताला दार आहे, खिडकीजवळची खाट. तिला चहा चालतो.

दोन्ही कप आत घेऊन जा.

बाबा